जांभळ्या झाकणाची दुसरी नळी

आरोग्याचं संशोधन करणाऱ्या सगळ्या डॉक्टर-प्रोफेसर मंडळींना, आणि संशोधन नीतीला धरून आहे का ते बघून त्यांच्या फायलींवर सही करणाऱ्या एथिक्स कमिट्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची. रावपुऱ्यामागे एका पोळीत राहते, पोळ म्हणजे आमच्याकडे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली (पुण्याची भाची अजून हसते, मावशी तू पोळीत राहतेस तर भाजी कुठे राहते), आणि २७ वर्षं एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. म्हणजे रक्त काढणं, नळी भरणं, लेबल लावणं, मशीन बिघडलं की त्याला शिव्या घालणं हेच आयुष्यभर केलं. हे आधीच सांगते, कारण पुढे वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई विज्ञानाच्या विरोधात आहे, इंजेक्शनला घाबरणारी आहे. तसं काही नाही. माझी तक्रार तुम्ही आलात याची नाहीच आहे, तुम्ही परत आला नाहीत याची आहे.

तीन वर्षांपूर्वी, नवरात्र संपून घरोघरी दिवाळीची साफसफाई निघाली होती तेव्हा आमच्या पोळीत सर्वे आला. डायबिटीसचा. आदल्या संध्याकाळी दोन मुली येऊन सांगून गेल्या की उद्या सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही, आम्ही सातला येतो. माझ्या सासूबाई तेव्हा ८१ च्या. रात्री आठला वाटीभर खिचडी खाऊन झोपल्या आणि सकाळी साडेसहापासून ओटल्यावर तयार, ठेवणीतली साडी नेसून, कारण दवाखान्याची माणसं येणार. मुली आल्या पावणेअकराला. तोपर्यंत आईंचे हात थरथरायला लागले होते, आणि मी दोनदा म्हटलं की जाऊ दे, चहा घ्या, तर म्हणाल्या, "अगं त्यांचं काम बिघडेल." (हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत येणार आहे यावर.) त्या मुलींना मी दोष देत नाही. आधीच्या गल्लीत उशीर झाला, आणि त्यांना फॉर्ममागे पैसे मिळतात हे मी नंतर गप्पा मारता मारता काढून घेतलं, एका घरात चाळीस मिनिटं गेली की त्यांची दिवसाची कमाई गेली.

मग फॉर्म. चार पानं, गुजरातीत. आई मराठी शाळेत शिकलेल्या, गुजराती बोलतात झरझर, भाजीवाल्याशी भांडतात पण गुजरातीतच, वाचतात मात्र अक्षर लावून लावून. आणि ते गुजरातीही असं होतं की ते आमच्या समोरच्या पटेलकाकांनाही कळलं नसतं, इंग्रजीवरून कोणीतरी शब्दाला शब्द ठेवलेलं. मुलगी म्हणाली, "बा, अहीं सही करी दो ने." आईंनी सही केली. दीड मिनिट लागलं सगळ्याला. याला तुमच्या भाषेत माहितीपूर्ण संमती म्हणतात.

रिटायर झाले तरी माझी नजर अजून नळ्यांच्या झाकणांकडेच जाते. राखाडी झाकण म्हणजे फ्लोराइड, ती साखरेची. जांभळं झाकण म्हणजे ईडीटीए, त्यात एचबीएवनसी होतं, तीन महिन्यांची सरासरी साखर. डायबिटीस बघायला या दोन नळ्या पुरतात. त्या मुलीने तीन भरल्या. राखाडी एक, जांभळ्या दोन. मी विचारलं ही दुसरी कशाला, तर ती बिचारी गोंधळली, म्हणाली, "मासी, उपरथी एवुं ज कह्युं छे." वरून तसंच सांगितलंय. मग मी फॉर्म मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला, तिसऱ्या पानावर खालून दुसरी ओळ, नमूनो भविष्यना संशोधन माटे साचववामां आवी शके छे. भविष्यातल्या संशोधनासाठी साठवला जाऊ शकतो. कुठलं संशोधन, किती वर्षं, कोणाच्या फ्रीजरमध्ये, बाहेर पाठवणार का, त्यातून डीएनए काढणार का, काही नाही. नको असेल तर "नको" म्हणायला एक चौकोन तरी ठेवतात, तोही नव्हता. मी मुलीला म्हटलं माझी दुसरी नळी घेऊ नकोस, तर म्हणाली मग तुमचा फॉर्मच रद्द होईल. म्हटलं होऊ दे. आईंची मात्र भरून झाली होती.

जाताना एक स्टीलचा डबा दिला आणि एक चिठ्ठी, तिच्यावर नंबर, ०१४७. पंधरा दिवसांत रिपोर्ट घरी येईल म्हणाल्या. आईंनी ती चिठ्ठी त्याच डब्यात ठेवली, रेशनकार्डाबरोबर.

रिपोर्ट आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आईंनी दर वेळी बेल वाजली की विचारायचं, रिपोर्टवाली आली का. आमच्या घरात एकवेळ ठीक होतं, मी ओळखीच्या लॅबमधून आईंची साखर करून घेतली, नॉर्मल निघाली. पण दोन घरं सोडून एक काकू राहतात. त्यांनीही त्याच दिवशी तीन नळ्या दिल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या लोकांनी रक्त नेलंय, काही निघालं असतं तर सांगितलंच असतं ना, सांगितलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, जखम भरेना, दवाखान्यात नेलं तर साखर कुठच्या कुठे, आणि शेवटी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता मी शपथेवर सांगू शकत नाही की त्या दिवशीच्या नळीत साखर जास्तच होती. पण इतकी वर्षं लॅबमध्ये काढल्यावर एवढं सांगू शकते की अशी परिस्थिती सात-आठ महिन्यांत सहसा होत नाही. तुमच्या कुठल्यातरी एक्सेल शीटमध्ये काकूंच्या नंबरासमोर तो आकडा बसलेला होता. कोणीतरी तो टाइप केला होता. कोणीतरी त्याची सरासरी काढली होती. आणि काकूंना वाटत होतं की न आलेला रिपोर्ट म्हणजे चांगला रिपोर्ट. रिपोर्ट देणारच नाही असं तुम्ही आधी सांगितलं असतंत तर निदान त्यांनी साखर बाहेर तपासून घेतली असती.

मी फॉर्मवरच्या नंबरांना फोन केले. पहिला लागलाच नाही. दुसरा एथिक्स कमिटीचा होता, तिथले गृहस्थ अतिशय सभ्यपणे बोलले, म्हणाले, बेन, तो स्टडी कधीच क्लोज झाला, आणि डेटा अनामिक असतो, कोणाचा कुठला ते आम्हालाही कळत नाही. आता हे मला नका सांगू. नाव-पत्त्याची यादी एका वहीत आणि नंबर दुसऱ्या वहीत, याला अनामिक नाही म्हणत, कोड लावलेला म्हणतात, दोन वह्या शेजारी ठेवल्या की माणूस सापडतो. खरंच अनामिक करायचं असतं तर पंधरा दिवसांत रिपोर्ट देतो असं कशाच्या जोरावर सांगितलंत? दोन्हीपैकी एक तर खोटं होतं.

नंतर भाचीने, ती एमएस्सी करते, कुठूनतरी त्यावरचा इंग्रजी सारांश शोधून काढला. जुन्या शहरातली दाट वस्ती, असं आमच्या पोळीचं वर्णन. पूर्ण लेख वाचायला डॉलरमध्ये पैसे मागत होते. आमचंच रक्त, आमचीच पोळ, आणि वाचायला तिकीट.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही आणि बडोद्याला तर हे फार जुनं आहे. रिफायनरीच्या बाजूचं उंडेरा आता शहरातच धरतात, पूर्वी ते वेगळं गाव होतं. १८९८ मध्ये प्लेग चालू असताना हाफकिन साहेब, तेच ते मुंबईच्या परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, आपली लस घेऊन तिथे आले. गावातल्या प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या लोकांना लस टोचली, अर्ध्यांना मुद्दाम न टोचता ठेवलं, तुलना करायला. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला तिथे लस घेतलेल्यांपैकी ३ गेले आणि न घेतलेल्यांपैकी २६. लस चालते हे सिद्ध झालं, आणि पुढे तिने किती जीव वाचवले असतील देव जाणे, मी ते नाकारत नाही. त्या काळी संमती-बिमती कोणाच्या डोक्यात नव्हती, माणसांवरच्या प्रयोगांसाठीची न्युरेंबर्गची नियमावली यायलाच अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती, १९४७. पण मी विचार करते त्या घरांचा. एकाच घरात एका भावाला टोचलं, दुसऱ्याला नाही, आणि मग पंधरा दिवसांनी... मागे एका लग्नाला उंडेऱ्याला गेले होते तेव्हा तीन-चार म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांना हाफकिन ठाऊक नव्हता, २६ ठाऊक नव्हते. जगाच्या पुस्तकात गावाचं नाव आहे आणि गावाला पत्ता नाही.

म्हणाल हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजांच्या काळातलं. बरं. मग २००९ घ्या. आपलाच वडोदरा जिल्हा, डभोई, शिनोर आणि कवांट हे तालुके (कवांट आता छोटा उदेपूर जिल्ह्यात गेला), आणि तिकडे तेव्हाच्या आंध्रात खम्मम. दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस (एचपीव्ही म्हणजे तो कॅन्सर करणारा विषाणू), इकडे एका कंपनीची, तिकडे दुसरीची, दोन्हीकडे मिळून २४ हजारांच्या आसपास मुली. पाथ नावाची अमेरिकन संस्था, बरोबर आपलं आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि राज्य सरकारं. सात मुली दगावल्या, त्यातल्या दोन गुजरातच्या, आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबवलं. हे नीट लिहायला हवं कारण व्हॉट्सॲपवर याचं काहीच्या काही करून फिरवतात. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. लसही चांगली आहे, माझ्या नातीला मी स्वतः सांगून देववली. घोटाळा वेगळाच होता. खम्ममच्या आदिवासी वसतिगृहांत आईबापांच्या जागी वॉर्डननी सह्या ठोकल्या होत्या. कोणाला काही झालं तर नोंद कशी ठेवायची, कोणाला कळवायचं, याची धड व्यवस्था नव्हती. आणि हा प्रयोग नाहीच, नुसता प्रात्यक्षिक प्रकल्प आहे, असं म्हणून प्रयोगाचे नियम बाजूला. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर चांगलेच ताशेरे ओढले.

आणि नुकसान कोणाचं झालं? संस्थेचं नाही, कंपन्यांचं नाही. ज्या लसीने बायकांचा कॅन्सर टळतो तिच्यावरचा विश्वास उडाला. आमच्या पोळीतच एक बाई मला म्हणाली, ती डभोईवाली लस ना, नको बाई. दहा-बारा वर्षांनीसुद्धा! सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून, आईबापांना आधी समजावून, हीच लस दिली आणि जवळपास सगळ्या मुलींनी घेतली, म्हणजे होतं, जमतं, फक्त आधी बोलावं लागतं. एका गावात तुम्ही घाईने सही घेता आणि त्याची किंमत दुसऱ्या गावातली दुसरीच मुलगी वीस वर्षांनी मोजते, हे तुमच्या कुठल्या रिस्कच्या कॉलममध्ये धरता?

दुसऱ्या जांभळ्या नळीचं म्हणाल तर त्याचीही गोष्ट आहे, अमेरिकेतली. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यन दरीच्या तळाशी हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात, त्यांच्यात डायबिटीस फार. १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या लोकांनी डायबिटीस शोधायला म्हणून त्यांचं रक्त घेतलं. त्यांनी दिलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं. मग तेच रक्त स्किझोफ्रेनिया शोधायला वापरलं, आपसातल्या लग्नांचा अभ्यास करायला वापरलं, आणि हे लोक मुळात कुठून आले हे सांगायला वापरलं, जेव्हा की त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतूनच जन्मले. हे त्यांना कळलं कसं, तर २००३ मध्ये त्यांच्यातलीच एक बाई विद्यापीठात कोणाचं तरी पीएचडीचं भाषण ऐकायला गेली आणि तिथे आपल्याच माणसांच्या रक्ताबद्दल ऐकत बसली. कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि रक्त परत केलं. मला पैशापेक्षा ते रक्त परत करणं फार मोठं वाटतं. फ्रीजरमधून काढून, मोजून, त्यांच्या हातात. आम्ही लॅबवाले रक्ताला सँपल म्हणतो, सवयीने, मी पण म्हणायचे. पण ते कोणाचं तरी असतं.

आणि उंडेऱ्यासारखं तुलना करायला काही लोकांना तसंच ठेवणं, तेही संपलेलं नाही. आपल्या महाराष्ट्रात उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, २००० च्या आगेमागे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, लाखाच्या वर बायका. काही गावांत तपासणी केली, काही गावांत फक्त माहिती दिली आणि वाट पाहिली. २००९ मध्ये निकाल आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात. फार मोलाचा निकाल, कबूल. संशोधक म्हणाले, या देशात तसंही कोणाची तपासणी होत नाही, मग त्या गावांना आम्ही कमी काय दिलं? मला या उत्तराने झोप येत नाही. जे कोणालाच मिळत नाही ते त्यांनाही मिळालं नाही, हा हिशोब सरकारने सांगितला तर समजू शकते, पण रोज दारात जाऊन नाव लिहून घेणाऱ्याने सांगावा?

नियम नाहीत असं तर नाहीच. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात साठवलेल्या नमुन्यांसाठी वेगळी संमती आहे, आणि हेही स्पष्ट आहे की गावाच्या प्रमुखाने हो म्हटलं म्हणजे माणसाने हो म्हटलं असं होत नाही. (आमच्याकडे नगरसेवकाला विचारून आले होते. त्याला तर पोळीत किती घरं आहेत तेही माहीत नसेल.) औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नवीन नियम आहेत, नुकसानभरपाई आहे, कमिटीत एक सामान्य माणूस असायलाच हवा असंही आहे. जागतिक डॉक्टर मंडळींनी माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचा १९६४ चा तो हेलसिंकीचा जाहीरनामा ऑक्टोबर २०२४ मध्ये परत लिहिला, आणि त्यात इतकी वर्षं आम्हाला सब्जेक्ट म्हणायचे ते काढून सहभागी केलं. चांगलं आहे. पण सहभागी म्हणजे काय हो, लग्नात ज्याला नुसतं अक्षता टाकायला उभं करतात आणि जेवायला बसवत नाहीत, तो सहभागी?

मला काय हवंय ते सांगते, फार नाही. ज्या दिवशी फॉर्म छापाल त्या दिवशी तो आधी आमच्यातल्या एखाद्या बाईला वाचायला द्या, गुजराती, मराठी, जी तिची असेल त्यात, आणि तिला तो परत तुम्हाला समजावून सांगता आला तरच पुढे जा. दुसरी नळी हवी असेल तर दुसरी विचारा, वेगळी, नको म्हणायची सोय ठेवून, बहुतेक लोक हो म्हणतील, बघाच तुम्ही. त्या मुलींना फॉर्ममागे नाही, दिवसामागे पैसे द्या, म्हणजे त्यांना समजावायला वेळ मिळेल आणि म्हातारी माणसं अकरापर्यंत उपाशी राहणार नाहीत. रिपोर्ट देणार असाल तर द्या, देणार नसाल तर तोंडावर सांगा की देणार नाही. आणि नळीत काही धोक्याचं दिसलं तर स्टडीचं वेळापत्रक-बिळापत्रक बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दार वाजवा.

आणि शेवटी काय सापडलं ते आम्हाला सांगा. त्याला कॉन्फरन्स हॉल लागत नाही. आमच्या पोळीत गणपती बसतो, दहा दिवस, संध्याकाळच्या आरतीला सगळी पोळ असते, मराठी-गुजराती सगळे. आरती आणि प्रसाद यांच्यामध्ये दहा मिनिटं माइक तुमचा. साध्या भाषेत सांगा, तुमच्यापैकी इतक्यांना साखर निघाली, इतक्यांना माहीतच नव्हतं, दवाखान्यात हे सांगा, ते विचारा. मी मंडळाच्या मुलांशी बोलून ठेवलंय, ते तयार आहेत, म्हणाले, मासी, डीजे बंद ठेवू. गणपतीत बडोद्याची मुलं डीजे बंद ठेवायला तयार होतात यावरून समजा.

आईंचं ते वाक्य, "त्यांचं काम बिघडेल." त्यांना तुमच्या कामाची काळजी होती. कॉन्सेंट फॉर्ममध्ये हे कुठे येत नाही, की लोक सही कागद वाचून करत नाहीत, तुमच्यावर भरवसा ठेवून करतात, समोरचा शिकलेला आहे, चांगल्या कामाला आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं म्हणून. तुम्हाला ती सही फाइलला लावायला पुरते.

आई आता ८४ च्या आहेत. डबा तोच, चिठ्ठी तीच, शाई जरा फिकी झालीय. मागच्या आठवड्यात गॅसवाल्याने बेल वाजवली तर परत विचारलं त्यांनी. या कधीही, सकाळी नऊनंतर, आणि या वेळी चहा पिऊन बोलू.

आईंचा नंबर ०१४७. काकूंचा ०१५२. नावांची वही तुमच्याकडे असेलच.

आपली,
रावपुऱ्यातली एक रिटायर्ड लॅब टेक्निशियन
बडोदे